मदत हवी आहे: एक्सअरेमध्ये (पायथनची बहुमितीय डेटाची लायब्ररी) फिल्टर करून बेरीज घेतली की समुद्रावर शून्य येतंय

हवामान खात्याचा 0.25 अंशांचा दैनिक पावसाचा डेटा आहे. एका वर्षाचा अरे 365 × 129 × 135 (दिवस × अक्षांश × रेखांश), फ्लोट32, म्हणजे जेमतेम 25 एमबी. समुद्रासारख्या डेटा नसलेल्या जागी असलेल्या −999 चे नॅन (रिकामी किंमत) करून घेतले आहेत.

वार्षिक बेरजेचा प्रश्न सुटला. 'सम' नॅन वगळतं आणि सगळेच नॅन असले तरी शून्य देतं; 'मिन_काउंट=1' दिलं की समुद्र पुन्हा नॅन होतो. अडतंय ते 64.5 मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस मोजताना. तुलनेत नॅनचं 'फॉल्स' होतं, मग बुलियनमध्ये (खरं/खोटं एवढंच असलेल्या अरेत) नॅन उरतच नाही आणि मिन_काउंटचा उपयोग शून्य. सध्या शेवटी 'व्हेअर' लावून जमिनीचा मास्क (जमीन कुठे ते सांगणारा अरे) पुन्हा चढवतोय. चालतं, पण जोडकाम वाटतं. (नम्पायचं थेट बुलियन इंडेक्सिंग सुचवू नका, त्यात तिन्ही मिती सपाट होऊन एकच उरते.)

खरी अडचण पुढची आहे. प्रत्येक चौकटीत 2.5 मिमीपेक्षा कमी पावसाचा सलग सर्वांत लांब खंड हवाय. 'अप्लाय_यूफंक'ला (आपलं फंक्शन अरेवर चालवणारी सोय) 'टाइम' ही कोअर मिती (जी फंक्शनला अख्खी मिळते ती) देऊन 'व्हेक्टराइझ=ट्रू' केलं, तर पायथनचा लूप 17,415 वेळा फिरतो. अनेक वर्षं डास्कने (मोठा डेटा तुकड्यांत, म्हणजे चंकमध्ये, हाताळणारी लायब्ररी) उघडली की टाइमचे तुकडे वर्षागणिक पडतात आणि 'पॅरललाइज्ड' एरर देतं, कारण कोअर मिती एकाच चंकमध्ये लागते. टाइम −1 (म्हणजे पूर्ण टाइम एकाच चंकमध्ये) आणि अक्षांश-रेखांशाचे चंक करून रीचंक करणं हाच मार्ग का? की 'कमसम' (चढती बेरीज) आणि 'एफफिल' (मागची किंमत पुढे भरणं) वापरून लूपशिवाय जमेल? वर्षाच्या सीमेवर खंड तुटता कामा नये.