डॉट एक्सएक्सएक्स वेगळं काढलंय, मग पोरांच्या मोबाईलवर हे येतंच कसं?

फोंडेकार: चवथीला डिचोलीला घरी गेलेलो, माटोळी बांधायची गडबड, आणि आमचे चिरंजीव (वय ११) चुलतभावाचा मोबाईल घेऊन माडीवर. क्रिकेटचा स्कोअर बघताना म्हणे आपोआप भलतंच पान उघडलं. पोर एवढं घाबरलं की नेवऱ्यांना हात लावला नाही. प्रौढांच्या साइट्ससाठी २०११ पासून पत्त्याचं वेगळं शेपूट आहे ना, डॉट कॉमसारखं डॉट एक्सएक्सएक्स? मग सगळ्यांना तिकडे हाकला, आम्ही आईबाप तेवढं शेपूट ब्लॉक करतो, विषय संपला.

माशेलचा वायरवाला: तिकडे जायची सक्ती कुणावरच नाही हो. आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) मार्च २०११ मध्ये मंजुरी दिली, डिसेंबरात सगळ्यांना खुलं झालं, आणि मोठ्या साइट्स डॉट कॉमवर होत्या तिथेच बसून राहिल्या. उलट ज्यांचा ह्या धंद्याशी काडीचा संबंध नाही अशा युनिव्हर्सिट्या नि कंपन्या पैसे भरून आपापली नावं अडवून आल्या, उगाच कोणी आपल्या नावाने घाण दुकान थाटायला नको म्हणून. शेपूट धरलंत तरी साप मोकळाच.

साखळीची बाई: मग सक्ती करा ना! बारला पाटी असते, पोर आत शिरलं तर बारवाला हाकलतो (सगळेच नाही, ते असो). इथे पाटीच नको म्हणता?

माशेलचा वायरवाला: बाई, बारला लायसन देणारं खातं इथलंच आहे. इथे मालक एका देशात, सर्व्हर दुसऱ्यात, बघणारा तिसऱ्यात, लायसन देणार कोण? आणि घाण कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार, स्तनांच्या कॅन्सरची माहिती कुठल्या डोमेनवर, म्हणजे कुठल्या शेपटाच्या पत्त्यावर टाकायची? २०१५ मध्ये सरकारने ८५७ साइट्स बंद करायला सांगितलं, त्यात विनोदाची एक साइटपण अडकली, चार दिवसांत आदेश सैल करावा लागला.

साखळीची बाई: कोण ठरवणार म्हणत बसलं तर काहीच व्हायचं नाही. तुम्हाला सेटिंगं कळतात, माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया सकाळी सहाला कामाला निघतात, त्यांनी कधी काय शोधायचं? थोड्या साइट्स अडल्या तरी तेवढ्या कमीच ना.

पेडण्याचो: साइटवर जातंय कोण? आमच्या पोराच्या ट्यूशनच्या ग्रुपवर थेट व्हिडिओ आला. त्याला कुठलं शेपूट?

माशेलचा वायरवाला: ते आहेच. फोंडेकार, तुम्ही एक करा, राऊटरच्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) खान्यात १.१.१.३ घाला, क्लाउडफ्लेअर नावाच्या इंटरनेट कंपनीचं घरगुती फिल्टर आहे, फुकट. डोमेन कसलंही असो, त्यांच्या यादीत साइट असली की उघडत नाही.

फोंडेकार: घातलं. पण तो मोबाईल डेटावर चालत होता, वायफायवर नव्हेच. म्हणजे आता त्या पोराच्या बापाशी बोलायला हवं, आणि तो माझा थोरला भाऊ. तोंड उघडलं की म्हणणार, तूं म्हाका शिकयतलो?

साखळीची बाई: बघा. म्हणूनच म्हणते, वरूनच बंद करा.