ग्रामसभेत अण्वस्त्रं संपवाचा ठराव मांडला तं चालते का?

वावरवाला_आर्वी
राम राम मंडळी. हासू नका, खरंच विचारून रायलो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमी काही पोट्टे एक ठराव मांडाचं म्हणून रायलो, का जगातले सगळे अणुबॉम्ब संपवाले पाह्यजे आन् भारतानं त्यात पुढाकार घ्यावा. डोक्यात आलं ते २०२५ च्या मे महिन्यात, पाकिस्तानसोबत चाललं होतं तवा पारावर अर्धं गाव म्हणे टाका एकदाचा अणुबॉम्ब आन् मोकळे व्हा, जशी का फवारणीच मारून यायची आहे. सरपंचाले विषय सांगतला तं म्हणे आधी पांदण रस्त्याचं बोल, अणुबॉम्ब का आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते का. तं असा ठराव घेता येते का, आन् घेऊन काही उपयोग, का फुकटचं हसू होईन?

पऱ्हाटी_नंबर_वन
भाऊ, सोयाबीनले हमीभाव भेटून नाही रायला आन् तू रशिया अमेरिकेचे बॉम्ब मोजत बसला. हाहाहा. चालू द्या.

माजी_सैनिक_वाशीम
ठरावाले विरोध नाही, पण भावनेत वाहू नका. युक्रेनच्या जमिनीवर सोव्हिएत काळातली हजारो अण्वस्त्रं होती, १९९४ ले ती देऊन टाकाचं कबूल केलं, बदल्यात काय भेटलं तं कागदावर आश्वासन. २०१४ ले क्रिमिया रशियानं घेतलं, २०२२ ले काय झालं ते सगळ्याइनं टीव्हीवर पाह्यलं. चीननं १९६४ ले चाचणी केली, म्हणजे आपल्यासोबतच्या लढाईनंतर दोनच वर्षांनी. आपल्याजवळ आहे म्हणून समोरचा दहादा विचार करते, एवढं ध्यानात ठेवा.

मास्तर_पुलगाव
सैनिक भाऊ, एकट्या भारतानंच आपले बॉम्ब मोडावे असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. पण समोरचा विचार करते हे तवाच खरं जवा त्याले विचार कराले वेळ भेटते. ९ मार्च २०२२ ले आपलं एक मिसाइल चुकून सुटलं आन् पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं, नशीब त्यात स्फोटक नव्हतं आन् तिकडून कोणी घाई केली नाही. १९८३ ले सोव्हिएत रशियात पेत्रोव नावाचा अधिकारी ड्युटीवर होता, उपग्रह सांगे अमेरिकेची मिसाइलं येऊन रायली, निघालं काय तं ढगावर चमकलेलं ऊन. त्यानं वर कळवलं का अलार्म खोटा आहे. दुसरा कोणी असता तं? पुलगावात राहून दारूगोळ्याच्या डेपोची आग २०१६ ले पाह्यली आहे आमी, तो तं साधा दारूगोळा होता, त्यामुळं "आमच्याकडं सगळं सुरक्षित आहे" हे कोणत्याच देशानं मले सांगू नये.

आन् काहीच होत नाही असं बी नाही. १९८६ च्या आसपास जगात ७० हजारांच्या घरात अण्वस्त्रं होती, आता १२ हजारांच्या आसपास. करार करून, एकमेकाच्या तळावर माणसं पाठवून, मोजून मोजून मोडली. दक्षिण आफ्रिकेनं तं सहा बॉम्ब बनवून स्वतःच मोडले. आपल्या राजीव गांधींनी १९८८ ले संयुक्त राष्ट्रात २०१० पर्यंत सगळ्याइची अण्वस्त्रं टप्प्याटप्प्यानं संपवाचा आराखडा मांडला होता, कोणी मनावर घेतला नाही आन् दहा वर्षांनी आपणच पोखरणले दुसऱ्यांदा चाचण्या केल्या. तरी पहिले आपण वापरणार नाही हे धोरण आपलं आहे, आन् १९९२ पासून दर १ जानेवारीले भारत पाकिस्तान एकमेकाले अणुकेंद्रांची यादी देतात, त्यावर हल्ला न कराचा करार आहे म्हणून. बोलणं बंद असलं तरी यादी जाते. असंच एकेक पाऊल पुढं न्यायचं असते.

अकोल्याची_कृषीवाली
सरपंच काकांना हद्दीचं उत्तर मी देते. अणुबॉम्बनं शहरं जळली की काजळी एवढी वर जाते की तिथे पाऊसच नसतो, म्हणून ती धुवून खाली येत नाही, कित्येक वर्षं तरंगत राहते. मग ऊन कमी, थंडी जास्त, पाऊस कमी. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात हिशोब मांडला होता की फक्त भारत पाकिस्तानात अणुयुद्ध झालं तरी जगात २०० कोटींहून जास्त लोक उपासमारीनं जाऊ शकतात, म्हणजे बॉम्ब ज्यांच्यावर पडलाच नाही ते, पीक आलं नाही म्हणून. आपल्याकडे जूनचा पाऊस लांबला की दुबार पेरणीनं माणूस कर्जात जातो, इथे तर सलग काही वर्षं. बॉम्ब हद्दीत येत नसेल काका, काजळी येते. आणि पऱ्हाटी भाऊ, हमीभाव मागायला पण पीक लागतं ना.

पवनारकर
वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं या ठरावाले हासावं काहून? १९६२ ले सतीश कुमार आन् मेनन हे दोघं अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन, म्हणजे तवा बॉम्ब असलेल्या चारही राजधान्या. आपल्या पवनारच्या विनोबांनी सांगतलं खिशात पैसा ठेवू नका, मग लोकाइच्या घरी राहाच लागते, बोलाच लागते. वाटेत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या एका बाईनं चार पुडे दिले, चार नेत्यांसाठी, का बटन दाबावं वाटलं तं आधी घोटभर चहा प्या. मले हे लय आवडते.

आता कामाचं. विषय ग्रामसेवकाले आधीच लेखी द्या म्हणजे अजेंड्यावर येते, नाही तं अध्यक्षाच्या परवानगीनं ऐनवेळच्या विषयात. इतिवृत्तात नोंद झाली का बघा, मग नक्कल खासदाराले आन् परराष्ट्र मंत्रालयाले. २०१७ ले १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, २०२१ पासून लागू बी आहे, पण बॉम्बवाल्या एकाही देशाची त्यावर सही नाही. भारतानं सही करावी असं ठरावात टाका.

माजी_सैनिक_वाशीम
तेवढं टाकलं तं माझा हात वर येणार नाही. चीन, पाकिस्तान सही करत नाही तवापर्यंत आपणही नाही.

मास्तर_पुलगाव
मग असं लिहा, भारतानं त्या कराराच्या बैठकीले निरीक्षक म्हणून तरी जावं. जर्मनी, नॉर्वे हे नाटोतले, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटातले देश २०२२ ले व्हिएन्नाले तसेच जाऊन बसले होते, सही न करता.

माजी_सैनिक_वाशीम
निरीक्षकाले माझी ना नाही. पण "सर्व अण्वस्त्रधारी देशांनी मिळून" हे शब्द पहिल्याच ओळीत पाह्यजे.

वावरवाला_आर्वी
घेतले. ताई, ते काजळीचं मराठीत एका पानात लिहून देसान का, ग्रामसभेत वाचून दाखवतो. सरपंचाच्या पोट्टीलेच वाचाले लावतो, ती दहावीत आहे, आवाज चांगला आहे तिचा.