पांढऱ्या अंड्यातून निघालेल्या बदकी हिरवी अंडी काऊन देऊन राहिल्या?

हिंगणेवाला
मंडळी, घरामागं पेकिन जातीच्या दोन पांढऱ्या बदक माद्या आहेत, दोघींची अंडी एकदम पांढरी. नर मिक्स आणला, खाकी कॅम्पबेल अन् रनर या दोन बदक जातींचा क्रॉस. मागच्या वर्षी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली, 28 दिवसांनी पिल्लं निघाली, त्यातल्या पाच माद्या आता अंड्यावर आल्या तर तिघींची पांढरी अन् दोघींची फिकट हिरवी. खाद्य सगळ्यांचं एकच, कोंडा अन् मक्याचा भरडा. शेजारचे काका म्हणतात टाक्यातलं शेवाळ खातात म्हणून. आई तर ते अंडं हातात घ्यायलाही तयार नाही.

कामठीचा बदकवाला
शेवाळाचा काही संबंध नाही भाऊ, हे बापाकडून आलं. प्रत्येक बदकात अंड्याच्या या रंगाचे दोन जीन असतात, एक आईचा एक बापाचा. हिरव्याचा जीन पांढऱ्यावर भारी पडतो, एक जरी आला तरी अंडं हिरवं. तुझ्या पेकिनकडं दोन्ही पांढरेच, म्हणजे हिरवा नराकडूनच. त्याच्याकडं एक हिरवा एक पांढरा असणार म्हणून प्रत्येक पोरीला निम्मा चान्स. दोन्ही हिरवे असते तर पाचही जणींनी हिरवीच दिली असती. रनरमध्ये हिरवी अंडी नेहमीची आहेत, तिथूनच आलं असेल.

पशुवैद्य ताई
एक अंडं फोडून आतला पापुद्रा सोलून बघा. खरा हिरवा असेल तर टरफल आतूनही हिरवट दिसेल. कायुगासारख्या काळ्या बदकांत सीझनच्या सुरुवातीला अंड्यावर काळपट थर येतो, तो ओल्या फडक्यानं पुसला जातो, ते वेगळं. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, मुका मार लागल्यावर कातडी हिरवी पडते ना, तेच द्रव्य. टरफल बनतं त्या पिशवीतच ते मिसळतं. चवीत काही फरक नसतो, आईंना बिनधास्त खायला द्या.

हिंगणेवाला
बघितलं ताई, आतून पण हिरवंच आहे, पुसूनही जात नाही! आता एक सांगा, यांचे तीन सख्खे भाऊ आहेत, ते विकायला काढले होते. ठेवू का?

कामठीचा बदकवाला
थांब, विकू नको. त्यांच्यातही प्रत्येकाला निम्मा चान्स आहे, फक्त नर अंडं देत नाही म्हणून वरून कळत नाही. एकेकाला वेगळ्या बाहेरच्या पांढऱ्या अंडीवालीसोबत ठेव, बहिणींसोबत नको, अन् पायात वेगवेगळ्या रंगाची रिंग घाल. पोरी पाचसहा महिन्यांत अंड्यावर येतील. एकीनं जरी हिरवं दिलं तरी त्या नरात आहे म्हणून समज, पण एकदोन पांढऱ्यांवरून नाही म्हणू नको, सातआठ पोरी तरी बघ.