मदत हवी आहे: स्विफ्टला कोणता एअर इनटेक बसवावा?

नमस्कार मंडळी. माझी 2014 ची स्विफ्ट आहे, पेट्रोल, 1197 सीसी. आठवड्यातून दोनदा पुणे-सातारा होतं. खंबाटकीच्या चढाला चौघं बसले की गाडी दमते, म्हणून इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर-पाइपचा भाग, बदलायचा विचार आहे.

फिल्टरच्या मूळ डब्यातच बसणारा, धुऊन वापरायचा के अँड एन कंपनीचा फिल्टर घ्यावा की उघडा कोन (डब्याविना बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर)? कोन तर बॉनेटखालची तापलेली हवाच ओढणार, मग ताकद कुठून वाढेल? पाइप खाली बंपरमागे नेला तर पावसाळ्यात साचलेलं पाणी इंजिनात जाण्याची मला खरंच धास्ती वाटते.

धुतल्यावर फिल्टरला लावायच्या तेलाने कुणाचा हवा मोजणारा सेन्सर खराब झालाय का? धूळ नीट अडते का? दोन-तीन पावसाळे वापरलेल्यांनी कृपया सांगा. आवाज वाढलेला मात्र नको, आई मागे झोपते.