ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन: मराठीत काय म्हणावं?

खडूफळा

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी स्प्रिंग बूटची (जावामध्ये वेब सर्व्हिस लिहायची चौकट) टिपणं मराठीत काढते आहे. कंट्रोलर, डेटाबेस, जेसन इथपर्यंत गाडी व्यवस्थित आली. सुरक्षेच्या प्रकरणात मात्र अडले.

बहुतेक शब्दसूच्यांत ऑथेंटिकेशनला (माणूस कोण ते पडताळणं) 'प्रमाणीकरण' आणि ऑथरायझेशनला (त्याला काय करू द्यायचं ते तपासणं) 'प्राधिकरण' दिलेलं असतं. दोन्ही 'प्र'ने सुरू होतात आणि 'करण'ने संपतात. वर्गात एकाच तासात दोन्ही उच्चारले की मुलं गोंधळतात. त्यातून प्राधिकरण म्हटलं की त्यांना म्हाडा आठवतं, जे चूक नाहीच. त्याच्या नावातच तो शब्द आहे.

प्रत्यक्ष उदाहरण सांगते. मुलं फीच्या पावत्यांची सर्व्हिस लिहीत होती. लिपिकाने लॉगिन करून प्राचार्यांचं पान मागितलं तर काय उत्तर द्यायचं? एका गटाने ४०१ हा एचटीटीपीचा (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचा) उत्तर-कोड पाठवला, कारण त्या कोडचं नावच 'अनऑथराइज्ड', म्हणजे अनधिकृत. प्रमाणानुसार तिथे ४०३ हवा. ४०१ म्हणजे 'तू कोण ते आधी सांग', ४०३ म्हणजे 'तू कोण ते कळलं, पण हे तुझ्यासाठी नाही'. मुलांचा तर्क शब्दाला धरून होता, त्यामुळे त्यांना दोषही देववत नाही.

ऐकताक्षणी वेगळे वाटतील असे दोन शब्द हवेत. सुचवा.

बारव

ताई, शब्द घरात आहेत की. 'ओळख पटवणे' आणि 'मुभा असणे'. ओळख पटली नाही तर ४०१, मुभा नसली तर ४०३. पोलिसांची ओळखपरेड सगळ्यांना माहीत असते आणि 'मुभा' रोज कानावर पडतो. नवीन शब्द पाडायची गरजच काय?

पारंबी

मुभा म्हणजे सवलत, मोकळीक. देणाऱ्याच्या मर्जीचा वास आहे त्याला. इथे तर नियम लिहून ठेवलेला असतो आणि यंत्र तो तपासतं.

मी बरीच वर्षं कायद्याचे अनुवाद केले. तिथे ऑथेंटिकेशनला 'अधिप्रमाणन' आहे. राज्यघटनेच्या १६६ व्या अनुच्छेदात राज्यपालांच्या नावाने निघणारे आदेश कसे अधिप्रमाणित करायचे ते सांगितलं आहे. ऑथराइज्डला 'प्राधिकृत' आहे: प्राधिकृत अधिकारी, प्राधिकृत व्यक्ती. अटेस्टेशनला 'साक्षांकन'. हे तीन शब्द तीन कामांसाठी घासूनपुसून तयार आहेत. संगणकवाल्यांनी ते उचलावेत, नाहीतर प्रत्येक शाखेची मराठी निराळी होऊन बसेल.

दगडफूल

काका, आदर ठेवून असहमत. मी रोज हेच काम करतो. आमच्या मीटिंगमध्ये सगळे मराठी असले तरी वाक्य असतं, 'टोकन एक्स्पायर झालंय, ऑथ फेल होतंय' (टोकन म्हणजे लॉगिननंतर मिळणारा ओळखीचा मजकूर). 'अधिप्रमाणन अयशस्वी' कुणी म्हणणार नाही, आणि शिकलेल्या पोराला नोकरीत पहिल्या दिवशी ते शब्द परत इंग्रजीत वळवून घ्यावे लागतील.

शिवाय हा घोळ मराठीचा नाहीच, मुळातला आहे. ४०१ चं नाव 'अनऑथराइज्ड', पण त्यासोबत सर्व्हरने जो हेडर (विनंती-उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवायलाच हवा तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट'. आणि क्लायंट आपली ओळख ज्या हेडरमध्ये पाठवतो त्याचं नाव 'ऑथरायझेशन'! २०२२ साली एचटीटीपीचं प्रमाण आरएफसी ९११० (इंटरनेटच्या प्रमाणांपैकी एक दस्तऐवज) म्हणून नव्याने आलं, तरी ही नावं तशीच राहिली, कारण बदलली तर जगभरातले क्लायंट मोडतील. इंग्रजीतच 'ऑथ-एन' आणि 'ऑथ-झी' असे तुकडे करून बोलावं लागतं. मुलांना इंग्रजी शब्दच द्या आणि अर्थ मराठीत नीट समजवा.

सायसाखर

यात एक गंमतशीर गोष्ट आहे. ते दोन इंग्रजी शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण कुळं निराळी. 'ऑथेंटिक' ग्रीकमधून आलेला, 'ऑथराइझ' लॅटिन 'ऑक्टर'पासून, ज्यातून 'ऑथर' झाला. इंग्रजीत येता येता चेहरे सारखे झाले. मग आपण मुद्दाम सारख्या चेहऱ्याचे शब्द का घडवायचे?

माझं मत 'ओळख' आणि 'परवानगी'ला. परवानगी फारसी आहे म्हणून पारंबीकाका नाक मुरडतील, पण परवाना, परवानगी, दस्तऐवज, मुखत्यार यांच्याशिवाय मराठीचा कारभार चाललेला नाही.

पारंबी

फारसीला माझा विरोध नाही. मुखत्यारपत्र मीच शेकड्यांनी अनुवादलं असेल. हरकत वेगळी आहे. 'परवानगी'चं क्रियापद करा, विशेषण करा, नकार करा. अपरवानगीत? ना-परवानगी? प्राधिकृत, अप्राधिकृत, प्राधिकार, प्राधिकारी हे एका धातूतून सहज निघतात. तांत्रिक लेखनात एका शब्दातून दहा शब्द काढता यावे लागतात. 'अनधिकृत' मात्र वापरू नका, तो शब्द बांधकामांनी आणि फेरीवाल्यांनी कायमचा व्यापला आहे.

उंबरठा

शब्द नंतर ठरवा, आधी गोष्ट सांगा. मी हिरकणीची सांगतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले. पहारेकरी हिरकणीला ओळखत होते, रोज दूध घालणारी गवळण ती. ओळख पटलेली होती, तरी दरवाजा उघडला नाही, कारण सूर्यास्तानंतर कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम. हा स्वच्छ ४०३. पहारेकऱ्यांनी 'कोण तू?' विचारलं असतं तर ४०१.

पुढचा भाग मुलांना जास्त उपयोगाचा. दरवाज्यावर पहारा चोख होता, पण कड्यावरून उतरता आलं. म्हणजे नियम एका वाटेवर होता, दुसरी वाट उघडी. आख्यायिका म्हणते, महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूजही बांधला.

दगडफूल

उंबरठादादा, उदाहरण घेतलं! या कड्यावरूनच खरे घात होतात. पावतीचा पत्ता समजा '/पावती/१०२३' असा आहे. मुलगी लॉगिन करते, 'विद्यार्थी' ही भूमिकाही बरोबर आहे. ती नुसता आकडा बदलून १०२४ करते आणि दुसऱ्याची पावती उघडते. सर्व्हिसने 'विद्यार्थी आहे का' एवढंच पाहिलं, 'ही पावती हिचीच आहे का' ते पाहिलंच नाही. स्प्रिंगमध्ये पत्त्याच्या पातळीवर कितीही नियम लावले तरी हे सुटतं. पावती डेटाबेसमधून काढतानाच मालक जुळवून पाहावा लागतो. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत हा दोषप्रकार २०१७ साली पाचवा होता, २०२१ साली पहिला आला.

बारव

म्हणजे मुभा दोन तऱ्हेची: पदाची आणि मालकीची. माझा शब्द टिकला बघा.

दगडफूल

नाही टिकत. स्प्रिंग सिक्युरिटी (स्प्रिंगचा सुरक्षेचा भाग) लावली, लॉगिन केलं, भूमिका बरोबर, आणि पोस्टची (माहिती पाठवणारी) विनंती सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) न जोडता पाठवली, तर ४०३च येतो. माणसाला मुभा आहे, विनंती संशयास्पद आहे. अजून एक: डेटाबेसमध्ये भूमिका नुसती 'ॲडमिन' ठेवली आणि कोडमध्ये 'हॅजरोल' (भूमिका तपासणारं फंक्शन) वापरलं, की स्प्रिंग आपणहून पुढे 'रोल_' जोडून 'रोल_ॲडमिन' शोधतं. ते सापडत नाही, पुन्हा ४०३. नवशिक्यांचे तासन् तास यात जातात. 'हॅजऑथॉरिटी' वापरलं तर आहे तसंच जुळवतं. मग आता 'रोल'ला भूमिका आणि 'ऑथॉरिटी'ला काय? पुन्हा प्राधिकार?

पारंबी

हो, प्राधिकार. तोच.

सायसाखर

मग ४०३ ला 'मज्जाव' का नको? मुभा का नाही, नियम कुणाचा, हे काहीच न सांगता नुसतं 'आत येऊ नका'. 'फॉरबिडन'चा नेमका भाव. मज्जाव हा 'मत जाव'पासून आला असं आमच्या घरी सांगायचे.

बारव

मज्जाव आवडला. मुभा मागे घेत नाही, पण मज्जाव ४०३ ला चालेल.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. हिरकणी उद्याच वर्गात सांगते. आता पुढच्या पानावरचा प्रश्न विचारून घेते. टोकन पाठवताना हेडरमध्ये 'बेअरर' लिहावं लागतं. एका टिपणात त्याचं 'वाहक' केलेलं सापडलं.

उंबरठा

वाहक म्हणजे एसटीचा कंडक्टर! प्रत्येक गाडीत लिहिलेलं असतं, चालक आणि वाहक. 'बेअरर' म्हणजे ज्याच्या हातात आहे तो. बँकेत बेअरर चेक असतो, जो आणेल त्याला पैसे. 'धारक' म्हणा.

दगडफूल

धारक शंभर टक्के. यात सुरक्षेचा धडाही आहे. टोकन ज्याच्या हाती लागेल तो चालवू शकतो, सर्व्हर विचारत नाही की तुला कुणी दिलं. म्हणून मुदत थोडी ठेवायची, एचटीटीपीएसशिवाय पाठवायचं नाही, लॉगमध्ये छापायचं नाही. आणि जेडब्ल्यूटीवर (जेसनमधली माहिती असलेलं टोकन) सही असते, नेहमीच्या वापरात ते कुलूपबंद नसतं. मधला भाग बेस६४ (माहिती साध्या अक्षरांत लिहायची उघड पद्धत) मधून उलगडला की कुणीही वाचू शकतो. मुलं त्यात आधार क्रमांक घालून मोकळी होतात.

पारंबी

'सही'ला स्वाक्षरी म्हणा, निदान टिपणांत तरी. डिजिटल स्वाक्षरी हा शब्द सरकारी दाखल्यांमुळे रुळला आहे.

बारव

सात-बारावर छापलेलं असतं म्हणून रुळला. वापरामुळेच की, काका.

पारंबी

आधी कुणीतरी घडवला, मग वापरला गेला.

खडूफळा

टिपणांत तूर्त 'ओळख पडताळणी' आणि 'प्राधिकार तपासणी' लिहिते आहे, शेजारी इंग्रजी शब्द देवनागरीत. ४०३ ला मज्जाव. ४०१ ला अजून काही सापडलेलं नाही. आणि स्प्रिंगमध्ये लॉगिन केलेल्याला 'प्रिन्सिपल' म्हणतात. आमच्या सर्व्हिसमध्ये प्राचार्यही आहेत. त्याचं काय करू?