रि: नवी अलॉय बसवल्यापासून स्टिअरिंग थरथरतंय

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाच्या कामाचा नाही, पण लिस्टवर गाड्यांची नस ओळखणारे बरेच आहेत म्हणून विचारतो. गाडीला बाहेरची अलॉय (मिश्रधातूची) चाकं बसवून घेतली, टायरही नवे. ताशी ८५-९० पर्यंत काही जाणवत नाही. त्यापुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं आणि ११५ च्या वर गेलं की बरंचसं शांत होतं. दुकानदाराने पुन्हा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून दिलं. मशीनवर चारही चाकांना शून्य दिसतंय, त्यामुळे त्याने हात वर केले. आता म्हणतो अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या. करावी का?

—

दादा, अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर त्याने जाणार नाही. पैसे खिशातच ठेवा आणि काकांची वाट बघा. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं मावतं.

—

आलो. गॅरेजबद्दलची टिप्पणी वाचली, लक्षात ठेवतो.

आधी मशीनच्या शून्याबद्दल. बॅलन्सिंग मशीन चाकाच्या मधल्या भोकात शंकू घालून चाक धरतं. म्हणजे मशीनवर चाक बरोबर मध्यावरच फिरणार. तेच चाक तुझ्या गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या फिरत्या भागावर, मध्यावर बसलंय की नाही, हे त्या मशीनला कळायला मार्ग नाही. दुकानदार खोटं बोलत नसेल, पण त्याचं उत्तर तुझ्या प्रश्नाचं नाही.

कंपनीच्या रिमचं (टायरच्या आतल्या धातूच्या चाकाचं) मधलं भोक हबवर घट्ट बसेल एवढंच असतं. बाहेरची रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून तिचं भोक मोठं ठेवतात आणि उरलेली फट भरायला हब रिंग घालतात. ती रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम फक्त नटांवर पडतं. नट शंकूचे असतील आणि चाक जॅकवर अधांतरी असताना हाताने फिरवत, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, तर जमतंही. पण गाडी खाली टेकवून एअर गनने एकापाठोपाठ एक नट ठोकले, की चाक मध्यापासून केसभर सरकतं आणि तिथेच पक्कं होतं.

९० च्या पुढेच का? २०५/५५ आर १६ टायर धरला तर ताशी १०० ला चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची कंप पावण्याची गती त्याच आसपास असते, म्हणून तेवढ्या पट्ट्यात बारीकसा दोषही मोठा होऊन हातात येतो आणि वेग वाढला की विरतो. स्टिअरिंगमध्ये जाणवतंय म्हणजे पहिला संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली जाणवलं असतं तर मागच्यांवर.

तेव्हा अलाइनमेंट राहू दे. पुढे जुनी चाकं लाव आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन ये. थरथर गेली तर दोष नव्या चाकांत किंवा ती बसवण्यात. राहिली तर हब, बेअरिंग, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) यांच्याकडे बघू. चाक काढलंच आहे तर हबचं तोंड वायर ब्रशने घासून घे. गंजाची एक खपली मध्ये अडकली तरी चाक तिरकं बसतं. आणि रिमच्या मागे कोरलेला मधल्या भोकाच्या मापाचा आकडा वाचून कळव.

—

काका, मध्येच विचारते. आमच्या गाडीचं स्टिअरिंग फक्त ब्रेक दाबल्यावर हलतं. चाकं कंपनीचीच आहेत.

—

वहिनी, तुमचं दुखणं वेगळं. ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसणार. डिस्क आणि पॅड तपासून घ्या, चाकांवर खर्च करू नका.

—

काका, रिमच्या मागे ७३.१ लिहिलंय. हब कॅलिपरने मोजला, ६४.१ आला. रिंगचा पत्ताच नाही, चारही चाकांना! नट जुनेच, कंपनीचे वापरले आहेत.

—

म्हणजे ९ मिलिमीटरचा फरक. सगळीकडून साडेचार मिलिमीटर मोकळं. ७३.१ ते ६४.१ अशाच मापाच्या रिंगा मागव. प्लास्टिकच्याही चालतात, कारण गाडीचं वजन त्यांच्यावर नसतं, पण डिस्क फार तापत असतील तर अॅल्युमिनियमच्या घे.

पण मला खरी काळजी तुझ्या शेवटच्या वाक्याची वाटते. ६४.१ म्हणजे बहुतेक होंडा. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते, चेंडूच्या पाठीसारखी. बाहेरच्या रिमांना बहुधा ६० अंशांच्या शंकूचे नट लागतात. गोल नट शंकूच्या खड्ड्यात बसवला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवाज करणारा पाना) कट्कन वाजेल, सगळं घट्ट वाटेल, आणि पुढे नट सैल होत जाईल. रिमच्या भोकात वाकून बघ: नट टेकतो तिथे पातळ चकचकीत कडं उमटलंय का? उमटलं असेल तर थरथर राहू दे बाजूला, ही चाकं लावून गाडी काढूच नकोस.

—

कडं आहे. प्रत्येक भोकात. फोटो काढून ठेवलेत, दुकानदाराला दाखवणार आहे. चारही जुनी चाकं परत चढवली आणि फेरी मारून आलो, १०० लाही स्टिअरिंग शांत. रिंगा आणि शंकूचे नट मागवतोय. नटांचा आटा १२ × १.५ च (व्यास आणि वेढ्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) ना?

—

होंडा असेल तर बहुतेक तोच, पण जुना नट समोर ठेवून खात्री कर. नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पहिल्या वेढ्यालाच पाना लावायचा नाही. टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घे. ८०-१०० किलोमीटर चालवल्यावर चाकं गार असताना परत एकदा रेंच लावून बघ. ज्या दुकानात रिंगा घालायच्या राहिल्या, त्याच दुकानात हे काम परत देऊ नकोस. शनिवारी सकाळी माझ्याकडे ये, टॉर्क रेंच आहे.