मुंबईची मेट्रो-३ चुकीच्या दिशेला गेली का?

रूळवेडा_डिचोली
दिवाळीनंतर चार दिवस मुंबईत होतो. काम काही नव्हतं, नुसत्या गाड्या बघायच्या. (घरच्यांनी समजावणं कधीच सोडलंय.) थिवीहून कोकणकन्या, पहाटे दादर, आणि मग आरे ते कफ परेड अख्खी मेट्रो-३. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. देखणी आहे, वाद नाही.

पण ३७ हजार कोटींच्या वर खर्च करून पुन्हा उभीच, उत्तर-दक्षिण मार्गिका? १८५३ पासून मुंबईचे रूळ उत्तरेकडून दक्षिणेला, कोटाकडे (म्हणजे फोर्टकडे) आणि गोदीकडेच उतरतात. वानवा आडव्या, पूर्व-पश्चिम वाटेची. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो-१, २०१४ ची, जेमतेम ११.४ किलोमीटर, डबे चार. पण पश्चिम आणि मध्य रेल्वेला गाठ तिनेच मारली. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर उभं राहा, म्हणजे कळेल. तशा आणखी दोन आधी हव्या होत्या, आणि बाकीचा पैसा लोकलला.

वास्कोचा_बंदरी
नकाशा नीट बघा, बाब. उभी आहे, पण लोकलच्या डोक्यावरून नाही. सीप्झ (अंधेरीची निर्यात वसाहत), विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी, यातल्या कुठल्या ठिकाणी लोकल थांबते? नोकऱ्या तिकडे सरकल्या, रूळ जुन्या जागीच राहिले. आणि मरोळ नाक्याला ती तुमच्या लाडक्या मेट्रो-१ ला मिळतेच की.

रूळवेडा_डिचोली
बीकेसी मान्य. पण महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, चर्चगेट? तिथे गाडी नव्हती म्हणता?

कल्याणची_फोंड्यात
दादा, चार दिवस बघणं वेगळं. मी नऊ वर्षं कल्याण-सीएसएमटी केलंय. लग्नानंतर फोंड्याला आले तेव्हा पहिला महिनाभर सकाळी पाचला आपोआप जाग यायची. लोकलचं कौतुक करणारे सहसा दुपारी प्रवास करतात.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, जीव गेले. दार बंद होणारी गाडी मिळत असेल तर ती उभी की आडवी, मला फरक पडत नाही.

रूळवेडा_डिचोली
ताई, मीही तेच म्हणतोय. पैसा दारांना द्या.

कल्याणची_फोंड्यात
दारं लावायची कुठे? साध्या डब्यात गर्दीच्या वेळी दार मिटलं तर आतली माणसं गुदमरतील. हवा खेळवायला डबाच नव्याने घडवावा लागतो. एसी लोकल २०१७ पासून धावते आहे, पण साधी रद्द करून तिच्या वेळेला एसी सोडली की फलाटावर शिव्या ऐकाव्यात. तिकीट परवडायला नको?

पेडण्याचो_पायलट
मुंबईचं मुंबई बघून घेईल, पात्रांव. आपल्या राजधानीला स्टेशनच नाही. कार्मळीला उतरायचं आणि पुढे पणजीपर्यंत बस नाही तर पायलट, म्हणजे आमची मोटरसायकल टॅक्सी. रात्री उशिरा थिवीला उतरलात तर म्हापशाला नेणारी बस शोधून दाखवा! माझा धंदा त्याच्यावरच चालतो, तरी सांगतो: गाडीच्या वेळेला लागून बस ठेवली असती तर निम्मे लोक माझ्या मागे बसलेच नसते.

नव्या खेळण्याचा मोह आपल्यालाही झाला होता. मडगावात कोकण रेल्वेने स्कायबस (उंचावरच्या रुळाला लटकून धावणारी गाडी) टांगली, २००४ मध्ये चाचणीतच अपघात झाला, एकाचा जीव गेला. नंतर ते खांब कितीतरी वर्षं नुसते उभे.

रूळवेडा_डिचोली
ते खांब बघायला मी शाळा बुडवून गेलो होतो, खोटं कशाला सांगू. पण थिवीचं तुमचं आणि घाटकोपरचं माझं दुखणं एकच. गाडी आहे, गाठ नाही.

वास्कोचा_बंदरी
म्हणजे शेवटी मरोळ नाक्यावर आलात!

कल्याणची_फोंड्यात
पुढच्या वेळी जाल तेव्हा सकाळी आठच्या सुमाराला कल्याणहून सीएसएमटी फास्ट पकडा. दारात नको, आत शिरून दाखवा. मग मार्गिकांवर बोलू.

रूळवेडा_डिचोली
फर्स्ट क्लास चालेल?

कल्याणची_फोंड्यात
नाही.